पहिली रायफल घेताना

एन.सी.सी.च्या गेल्या वार्षिक शिबिरात मी आयुष्यात पहिल्यांदा खरी रायफल हातात घेतली. पॉइंट टू टू बोअरची रायफल, पंचवीस यार्डांवर कागदाचे लक्ष्य आणि पाच गोळ्या. पोटावर झोपून, कोपरे मातीत रोवून मी त्या पाच गोळ्या झाडल्या. लक्ष्याचा कागद हातात आला तेव्हा पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली जवळजवळ झाकली जात होती. उस्ताद फक्त “ठीक” म्हणाले. पण शिबिरात “ठीक” हा शब्द किती महाग असतो हे छात्रसैनिकांना सांगायला नको.

त्या दिवसापासून डोक्यात एकच विचार सुरू झाला. आपली स्वतःची रायफल असावी! वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात टर्नर असलेल्या माणसाच्या मुलीने असा विचार करणे म्हणजे खरे तर अंथरुण पाहून पाय पसरावे ही म्हण विसरणेच होय. परंतु दिवाळीच्या आधी बाबांनीच विचारले, “किती पैसे लागतात ग त्याला?” त्यांच्या मनात बोनस होता. मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यात माझे तीन-चार महिने गेले. त्या शोधात जे कळले ते इथे मांडते आहे, कारण शिबिराहून परतलेल्या अनेक मैत्रिणींनी आणि मित्रांनी मला हाच प्रश्न विचारला आहे. बहुतेकांचा प्रश्न आणखी नेमका असतो: “पहिली सेमी-ऑटोमॅटिक कोणती घ्यावी, स्वस्तातली?”

तेव्हा आधी या सेमी-ऑटोमॅटिकचेच पाहू.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय?

शिबिरात आपण जी रायफल चालवतो ती बोल्ट अॅक्शनची असते. एक गोळी झाडली की हाताने बोल्ट उचलून मागे ओढायचा. रिकामे काडतूस बाहेर पडते. मग पुढचे काडतूस आत सारून बोल्ट बंद करायचा. प्रत्येक गोळीमागे हे सारे हाताने करावे लागते. अर्धस्वयंचलित रायफलीत हेच काम स्फोटाच्या वायूचा दाब करतो. गोळी नळीतून पुढे जात असताना तोच दाब बोल्टला मागे ढकलतो. रिकामे काडतूस फेकले जाते, आणि दबलेली स्प्रिंग बोल्ट पुन्हा पुढे आणताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सरकवते. चाप मात्र दर वेळी नव्याने दाबावा लागतो. एक दाब, एक गोळी. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ते पूर्ण स्वयंचलित शस्त्र. ते आपल्या कायद्याने निषिद्ध आहे.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंचा मुलगा अमेरिकेत असतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने त्याच्या रायफलीचे छायाचित्र दाखवले. ती होती रुगर १०/२२. १९६४ साली बाजारात आलेल्या या रायफलीच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसे बसतात, आणि तिकडे पुष्कळांची पहिली रायफल हीच असते. “पोरं हिच्यावरच शिकतात,” तो म्हणाला. आमच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यातली सेमी-ऑटोमॅटिक अशाच एखाद्या छायाचित्रातून किंवा इंग्रजी चित्रपटातून आलेली असते.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखालचे जुने नियम १९६२ चे होते, त्यांच्या जागी २०१६ साली नवे शस्त्र नियम आले. या नियमांच्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित रायफली निर्बंधित वर्गात घातलेल्या आहेत. साध्या परवान्यावर त्या मिळत नाहीत. साधा परवानासुद्धा एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. म्हणजे एकोणीस वर्षांच्या माझ्यासारखीने दुकानात जाऊन “एक सेमी-ऑटोमॅटिक दाखवा” म्हणण्यात काही अर्थ नाही.

हे वाचून कोणी हिरमुसले होऊ नये. कायद्याने अडवले नसते तरी खेळाला ती उपयोगी पडली नसती, आणि हेच मला सर्वांत आधी सांगायचे आहे.

खेळ काय मागतो?

ऑलिंपिकमधल्या रायफलीच्या स्पर्धा दोन अंतरांवर होतात. एक पन्नास मीटरची, पॉइंट टू टू बोअरच्या रायफलीची. दुसरी दहा मीटरची, एअर रायफलीची. दोन्हींत प्रत्येक गोळी किंवा छर्रा खेळाडूला स्वतःच्या हाताने एकेक करून भरावा लागतो. पिस्तुलाच्या पंचवीस मीटर प्रकारात पाच काडतुसांचे मॅगझिन चालते. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात. रायफलीत मात्र मॅगझिनला जागा नाही.

दहा मीटर एअर रायफलीच्या प्राथमिक फेरीत साठ छर्रे मारायचे असतात आणि त्यासाठी पंचाहत्तर मिनिटे मिळतात. म्हणजे एका छर्‍याला सव्वा मिनिट! एवढ्या वेळात रायफल खाली ठेवून, श्वास सोडून, डोळे मिटून, पुन्हा उचलता येते. इथे घाईला कुणी गुण देत नाही.

गुण कशाला मिळतात ते पाहा. लक्ष्याचे सर्वांत बाहेरचे वर्तुळ साडेपंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचे असते. नवाचे वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचे. आणि दहाचा ठिपका? अर्धा मिलिमीटर! पेन्सिलीने टेकवलेला बिंदू म्हणा ना. छर्रा स्वतःच साडेचार मिलिमीटर जाडीचा, म्हणून तो त्या ठिपक्याला शिवला तरी दहा गुण मिळतात. वर दशांशाने मोजणी होते. अगदी मध्यावर लागलेल्याला १०.९.

आता थोडे गणित करू. एअर रायफलीच्या मागच्या आणि पुढच्या साईटमधले अंतर पाऊण मीटर धरा. पुढची साईट एक दशांश मिलिमीटरने हलली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे १.३ मिलिमीटर बाजूला जातो. वर्तुळावर्तुळातले अंतर अडीच मिलिमीटर असते. म्हणजे एक दशांश मिलिमीटरची चूक अर्ध्या वर्तुळाला पडली. हे मी बाबांना सांगितले तेव्हा ते हसले. “एक दशांश? आमच्याकडे एवढ्यात जॉब रिजेक्ट होतो,” म्हणाले. नेमबाजी हा खेळ आपल्या वागळे इस्टेटमधल्या माणसाला परका नाही, असे मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटले.

ताकदीचा मोह

मी पहिली चूक केली ती ताकदीच्या बाबतीत. मुंबईतल्या एका दुकानात मी नुसती पाहायला म्हणून गेले होते. विक्रेत्याने एक काळी, लांबलचक एअर रायफल काउंटरवर ठेवली. पत्र्याचा डबा आरपार जातो, सर्वांत जोरदार हीच आहे, असे तो सांगू लागला. मी हुरळून गेले. बयाणा द्यायला पर्समध्ये हातही घातला होता. शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते. बाबांना एकदा विचारू, एवढ्या विचाराने परतले म्हणून वाचले.

एअर रायफलीबद्दलचा आपल्याकडचा नियम असा आहे की बोअर साडेचार मिलिमीटरच्या, म्हणजे ०.१७७ इंचाच्या आत असेल आणि नळीच्या तोंडाशी छर्‍याची ऊर्जा वीस ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र आणि पत्ता पाहून नोंद ठेवतो, एवढेच. याहून मोठा बोअर किंवा अधिक ऊर्जा असली की परवाना आला.

आता स्पर्धेतल्या एअर रायफलीची ऊर्जा किती असते? छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, ०.५३ ग्रॅम धरा, आणि वेग सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणा. उत्तर येते सुमारे आठ ज्यूल. जगज्जेते ज्या रायफलीने खेळतात तिची ऊर्जा कायद्याच्या मर्यादेच्या निम्मीसुद्धा नाही! दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला तेवढी पुरते. त्याहून जास्त ताकद म्हणजे जास्त हादरा, जास्त आवाज, आणि नेम सुटायला जास्त निमित्ते.

तुलनेसाठी सांगते, पॉइंट टू टूच्या गोळीची ऊर्जा सुमारे एकशेतीस ज्यूल असते आणि ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणूनच ती बंदिस्त रेंजवर, देखरेखीखालीच हाताळायची असते. पण आठ ज्यूलचा छर्राही डोळा फोडतो हे विसरू नये. एअर रायफल हे खेळणे नाही. आणि घेतलीच आहे तर गच्चीवर कबुतरे टिपू, असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचावा, आणि त्याआधी स्वतःची थोडी लाज बाळगावी.

टर्नरची परीक्षा

मग मी बाबांना घेऊन एका नेमबाजी क्लबमध्ये गेले. तिथे सरावाच्या दोन जुन्या एअर रायफली होत्या. प्रशिक्षकांनी दोन्ही दाखवल्या आणि परवानगी दिल्यावर मी दोन्हींतून वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा-दहा छर्रे मारले. पहिलीचे तीन छर्रे मध्यभागी लागले आणि बाकीचे इकडे-तिकडे. दुसरीचे दहाही छर्रे वर डावीकडे, पण एकमेकांना चिकटून, जणू एकच मोठे भोक. मी अर्थातच म्हटले की पहिली बरी, तिचे तीन तरी मध्यात आहेत.

बाबांनी दोन्ही कागद उजेडात धरले. म्हणाले, “सेंटरला लागलं का, हे नंतर. दहाही एका जागी जातात का, ते आधी बघ. सेंटर चुकलं तर सेटिंग बदलता येतं. मशीनच भटकत असेल तर सेटिंग कशाचं करणार?”

लेथवर तीस वर्षे काढलेल्या माणसाला रायफलीतले काहीच ठाऊक नव्हते, तरी त्यांनी नेमके मर्म सांगितले. कारखान्यात नवे यंत्र आले की ते किती वेगाने फिरते हे मालक पाहतो. कारागीर पाहतो ते वेगळे. पहिला जॉब ज्या मापाचा निघाला त्याच मापाचा शंभरावा निघतो का? रायफलीची निवड याच एका प्रश्नावर करायची. ती तेच ते, तसेच्या तसे, पुन्हा करते का? बाकीचे सगळे गुण याच्या मागून येतात.

या कसोटीवर एअर रायफलींचे प्रकार पाहू.

पहिला प्रकार स्प्रिंगचा. नळी मधून मोडून खाली ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप दाबताच पिस्टन सुटून हवा दाबतो आणि छर्रा उडतो. आपल्याकडच्या जुन्या क्लबांत इंडियन ह्यूम पाइपची आय.एच.पी. रायफल अनेकांना आठवेल. हल्ली खोल छिद्रे पाडणारी यंत्रे बनवणाऱ्या प्रिसिहोलसारख्या उद्योगाने देशी रायफली काढल्या आहेत. लांब नळीत सरळ छिद्र पाडणे हेच रायफलीतले अवघड काम, तेव्हा त्या धंद्यातून या धंद्यात येणे स्वाभाविकच आहे. ही रायफल दहा-पंधरा हजारांच्या घरात मिळते, पंप लागत नाही, दुरुस्ती सोपी. दोष एवढाच की छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच पिस्टनचा धक्का रायफलीला हलवतो. म्हणून ती घट्ट आवळून धरायची नाही. दर वेळी सारखीच हलकी धरायची. आणि छर्रा न भरता कधी उडवायची नाही. पुढे हवेची उशी नसल्यामुळे पिस्टन धातूवर आदळतो आणि यंत्र खराब होते.

दुसरा प्रकार आधीच दाबून भरलेल्या हवेचा. नळीखालच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत हवा भरून ठेवतात आणि प्रत्येक छर्‍याला तीतली मोजकी हवा सुटते. धक्का जवळजवळ नाहीच. स्पर्धेतल्या वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुत्झ, स्टायर या रायफली याच प्रकारच्या. नव्या घेतल्या तर किंमत लाखांत जाते. देशी बनावटीच्या स्वस्त पडतात, पण हवा भरण्याचा पंप किंवा मोठा सिलिंडर वेगळा घ्यावा लागतो आणि हिशेब करताना नेमका तोच विसरला जातो.

जुनी घ्यायची असेल तर

आपल्यासारख्यांचा रस्ता बहुधा जुन्या रायफलीवरून जातो. वरच्या पातळीवर गेलेले खेळाडू आपली आधीची रायफल विकतात. ती घेताना काय पाहावे, ते प्रशिक्षकांनी आणि बाबांनी मिळून मला असे शिकवले.

एक, टेकवून दहा छर्रे मारून पाहावेत. छर्रे एकाच डबीतले, चपट्या तोंडाचे असावेत. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. भोके एकत्र पडली पाहिजेत, मग ती कुठेही पडोत.

दोन, सांधे हलवून पाहावेत. नळीच्या बिजागरीत, साईटच्या पट्टीत, दस्त्याच्या स्क्रूंमध्ये जराही प्ले नसावा.

तीन, चाप. चांगल्या चापाला दोन टप्पे असतात. पहिला सैल, मग एक स्पष्ट अडथळा, आणि त्यापुढे किंचित दाबताच सुटका. ही सुटका दर वेळी त्याच जागी व्हायला हवी. चाप हलका आहे की जड, याची सवय होते. लहरी चापाची सवय होत नाही.

चार, सिलिंडरवरची तारीख. हवेच्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. स्वस्तात मिळालेल्या रायफलीला नवा सिलिंडर घ्यावा लागला तर स्वस्ताई तिथेच संपते. संध्याकाळी दाबमापकाचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. उतरला असेल तर कुठेतरी गळती आहे.

पाच, अंगाला बसते का? दस्ता खांद्याला आणि गाल गालपट्टीला टेकवला की मान न वाकवता डोळा आपोआप साईटमागे यायला हवा. डावखुऱ्यांनी उजव्या हाताचा दस्ता स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. दुसऱ्याच्या चपला घालून फार लांब चालवत नाही.

सहा, पावती आणि रायफलीवरचा क्रमांक जुळवून पाहावा. ज्या वस्तूचे कागद नाहीत ती कितीही स्वस्त असली तरी महाग.

पैशांची वाटणी

एवढे झाल्यावर बाबांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी वही घेऊन बसले. तेव्हा लक्षात आले की आपण सगळे हिशेब उलटा मांडतो. आधी रायफल, आणि उरले तर बाकीचे. खरा क्रम असा असावा: सर्वांत आधी क्लबची फी आणि प्रशिक्षण. मग छर्रे. त्यानंतर सपाट तळाचे बूट आणि जुने का होईना, पण अंगाला बसणारे जॅकेट. रायफल सर्वांत शेवटी.

कारण साधे आहे. क्लबमध्ये रायफल वापरायला मिळते, प्रशिक्षकांची नजर मिळते, आणि आपल्याला काय हवे ते कळायला लागणारे सहा महिने मिळतात. आधी घेतलेली रायफल बहुधा चुकीची असते. आणि छर्‍यांना पैसे उरले नाहीत तर चांगली रायफलही कपाटावर धूळ खात पडते. प्राथमिक फेरीचा एक सराव म्हणजे साठ छर्रे, शिवाय सुरुवातीचे चाचणीचे. पाचशेंची डबी आठ दिवसही पुरत नाही.

हे वाचून वाटेल की अखेरीस खेळ पैसेवाल्यांचाच. मलाही तसे वाटत होते. पण आपल्या महाराष्ट्रातल्या नेमबाजांच्या वाटा पाहिल्या तेव्हा वाटले की दार अरुंद असले तरी बंद नाही.

अंजली भागवत दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एन.सी.सी.तून या खेळाकडे वळल्या, वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये संजय चक्रवर्ती यांच्याकडे शिकल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत चाळीसच्या चाळीस छर्रे दहात मारले, चारशेपैकी चारशे! त्याच वर्षी त्याही ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत खेळल्या. पुढे त्यांनी पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब काढला. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला दहा मीटर एअर रायफलीत जगज्जेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांहून लहान.

आणि स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. मुलाच्या सरावासाठी वडिलांनी कर्ज काढल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर रायफलीच्या तीन अवस्थांच्या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणले, त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी महाराष्ट्राला बहात्तर वर्षे थांबावे लागले होते.

यात एक धागा मला दिसतो. कुणी एन.सी.सी.तून, कुणी असोसिएशनच्या रेंजवरून, कुणी प्रबोधिनीतून पुढे आले. कोणत्या ना कोणत्या सामाईक रायफलीवर त्यांचा हात बसला. देशाच्या रायफल असोसिएशनची स्थापना १९५१ ची, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या नवोदितांची पायरी आहे.

शेवटी काय ठरले?

दिवाळीत बोनस आला. मी रायफल घेतली नाही. बाबांना वहीतला हिशेब दाखवला आणि सहा महिन्यांची क्लबची फी आणि छर्‍यांच्या डब्या एवढेच मागितले. उरलेल्या पैशांतून आईने गळणारा पत्रा बदलून घेतला. बाबा काही बोलले नाहीत; पण रविवारी मी सरावाहून आले की कागद मागून घेतात आणि खिशातल्या व्हर्नियरने भोकांमधले अंतर मोजतात. मोठे आले की म्हणतात, “आज मशीन ठीक होतं, कारागीर भटकला.” हे बोलणे मला उस्तादांच्या “ठीक”पेक्षाही जास्त लागते.

आमच्या वागळे इस्टेटमध्ये कितीतरी कारखाने बंद झाले. जिथे भोंगे वाजत तिथे आता काचेच्या इमारती आहेत. तरीही एक दशांश मिलिमीटरची किंमत ओळखणारी माणसे अजून आमच्या चाळींतून राहतात. त्यांची मुले या खेळात नाहीत, कारण त्यांना रायफल परवडत नाही असे आपण गृहीत धरतो. रायफल त्यांना परवडत नाही हे खरेच आहे. पण पहिली रायफल प्रत्येकाची वेगळी कशाला असायला हवी?

म्हणून शेवटी मित्रमैत्रिणींना एक सल्ला आणि आपल्या प्राध्यापकांना एक विनंती. मित्रहो, सेमी-ऑटोमॅटिकचा नाद सोडा. दुसरी गोळी किती लवकर सुटते याला या खेळात मोल नाही. आधी क्लबच्या रायफलीवर सहा महिने काढा, मगच स्वतःची पाहा. आणि गुरुजनहो, जिमखान्याच्या निधीतून महाविद्यालयाची एक एअर रायफल घेता येणार नाही का? दस्ता आणि गालपट्टी कमी-जास्त करता येईल अशी, म्हणजे उंच-ठेंगणे सगळेच वापरू शकतील. दहा मीटरची एक बंदिस्त खोली, भिंतीला पक्की आडोशाची पेटी आणि देखरेखीला एक जाणकार माणूस, एवढे पुरेल. ती आली तर निवडताना दहा छर्रे मारून पाहायला मी माझ्या वडिलांना घेऊन येईन. व्हर्नियर त्यांच्या खिशात असतोच.

— द्वितीय वर्ष, कला